उरलेले पुन्हा काढावे

१/३
पैनगंगेत उतरतानाही सदरा न काढणाऱ्या मेहकरच्या मुलाची लाज फार जुनी आहे. ७ व्या शतकात एजिना बेटावरील ग्रीक वैद्य पॉल याने पुरुषांच्या वाढलेल्या स्तनांवरील शस्त्रक्रिया लिहून ठेवली. वयात येतानाची सूज बहुतेकांची ओसरते, हे त्याला ठाऊक होते. जिची ओसरत नाही, तिच्यावर शस्त्रक्रिया. कारण बायकी म्हणून होणारी निंदा.

२/३
स्तनाखाली चंद्रकोरीसारखा छेद, मेद काढणे, टाके. आणि कमी कापले गेले, तर उरलेले पुन्हा काढून ताज्या जखमेचे उपचार. दुसरी शस्त्रक्रिया मूळ विधीतच होती!

३/३
किती थांबावे, हे मात्र पॉल सांगत नाही. आज छातीला काही आठवडे घट्ट पट्टा असतो. व्रण मऊ व्हायला महिने लागतात. म्हणून फेरशस्त्रक्रियेचा विचार सहसा ६ महिन्यांनंतरच होतो.