महाग भिंगाचा जमाखर्च

स्वस्त भिंग घ्यावे की महाग, हा वाद छायाचित्रणाच्या धंद्याइतकाच जुना आहे. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची छायाचित्र घेण्याची प्रक्रिया जाहीर झाली, तेव्हा त्याच्या कॅमेऱ्यासाठी शेव्हालिये या फ्रेंच कारागिराने घडविलेले भिंग साधे, सुबक आणि निसर्गदृश्यास पुरेसे होते. परंतु त्यातून प्रकाश इतका अल्प शिरे की, उन्हात बसविलेल्या माणसास कित्येक मिनिटे निश्चल राहावे लागे, आणि तसबिरीचा धंदा करू पाहणारास गिऱ्हाईक मिळाले तरी त्याचा चेहरा मिळत नसे.

ही अडचण व्हिएन्ना विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये दूर केली. काच घासावी, पाहावी आणि पुन्हा घासावी हा कारागिरांचा प्रघात सोडून त्यांनी भिंगाची रचना आकडेमोडीने सिद्ध केली, आणि ती आकडेमोड एकट्याच्या आवाक्यातील नसल्यामुळे आर्चड्यूक लुडविग यांनी तोफखान्यातील हिशेबात तरबेज शिपाई त्यांच्या दिमतीस दिले. फोइग्टलेंडर यांच्या कारखान्यात तयार झालेले हे एफ ३.६ चे भिंग जुन्या भिंगाच्या पंधरापटींहून अधिक प्रकाश घेई. मिनिटांचे काम सेकंदांवर आले आणि तसबिरीचे स्टुडिओ चालू लागले. पुढे पेट्झवाल आणि कारखानदार यांच्यात हक्काविषयी तंटा लागला, तो कायमचाच. या भिंगात चित्राचा मध्य रेखीव उतरे, पण कडा विरघळत. चेहऱ्यास ते शोभून दिसे, पर्वतराजीस नव्हे. म्हणून डोंगर-देवळांची चित्रे घेणाऱ्याने जुन्या स्वस्त भिंगावरच समाधान मानले, आणि त्यात त्याने काही गमावले नाही.

कडांचा प्रश्न सुटण्यास काचच नवी लागली. येना येथे एर्न्स्ट आबे आणि ओटो शॉट यांनी १८८४ साली काचेचा कारखाना काढून पूर्वी अनुपलब्ध असलेल्या गुणधर्मांच्या काचा ओतल्या, आणि त्यांच्या आधारे त्साइस कंपनीच्या पॉल रुडॉल्फ यांनी १८९० मध्ये कडेपर्यंत रेखीव राहणारे भिंग आणि १९०२ मध्ये सुप्रसिद्ध टेसार निर्माण केले. टेसारमध्ये चार काचा, त्यांपैकी मागच्या दोन परस्परांस चिकटविलेल्या. तर यॉर्कच्या डेनिस टेलर यांनी १८९३ मध्येच योजिलेल्या भिंगात अवघ्या तीन, सुट्या. यापुढचे अर्धशतक ग्राहकापुढे बहुधा याच दोन घराण्यांची निवड होती: इकॉन्टा कॅमेरा तीन काचांच्या नोव्हारसहही मिळे आणि अधिक दामाच्या टेसारसहही, तर १९२९ च्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्याचा टेसार परवडत नसलेल्यांसाठी १९३३ मध्ये तीन काचांच्या ट्रायोटारचा रोलायकॉर्ड निघाला.

या जादा पैशांत काय पदरी पडे? भिंगाचे छिद्र एफ ११ पर्यंत आवळून लख्ख उन्हात घेतलेल्या, पोस्टकार्डाएवढ्या छापलेल्या चित्रात दोहोंतील भेद जाणत्यासही सहसा ओळखता येत नसे. तोच फोटो अपुऱ्या उजेडात छिद्र पूर्ण उघडून घेतला आणि भिंतीवर लावण्याइतका मोठा केला, की स्वस्त भिंगाच्या कडा खचत आणि टेसारची किंमत वसूल होई. मात्र केवळ काचांची संख्या मोजून भागत नाही. तीन काचांच्या रचनेत मधली काच केंद्रापासून केसभर जरी ढळली तरी सारे चित्र बिघडते. त्यामुळे काळजीपूर्वक जुळविलेले तीन काचांचे भिंग हे निष्काळजीपणे जुळविलेल्या चार काचांच्या भिंगास सहज मागे टाकी. ज्यास आपण उत्तम बांधणी म्हणतो, ती या जुळणीत, पितळी नळीच्या चोख आट्यांत आणि कारखान्यातील तपासनिसाच्या कठोरपणात असते, आणि जादा रकमेचा बराच भाग तेथेच खर्ची पडतो. शिवाय काचा चिकटविण्याचे बाल्सम उष्ण हवेत कालांतराने सुटू लागते, म्हणून आपल्यासारख्या उष्ण मुलखात तीन सुट्या काचांचे भिंग या एका बाबतीत तरी महागापेक्षा निर्धास्त ठरे.

तात्पर्य, जादा दाम हे भिंगाच्या लौकिकासाठी नव्हे, तर कामाच्या निकडीसाठी मोजावे. ज्यास मंद प्रकाशात काम करावयाचे आहे, मोठ्या प्रती काढावयाच्या आहेत किंवा रोजच्या राबत्यास टिकणारी बांधणी हवी आहे, त्याने ते निःशंक मोजावे. इतरांनी चांगले जुळलेले साधे भिंग घेऊन उरलेली रक्कम फिल्मवर खर्च करावी.