लेखकाशी बोलणारे मूल: भारतीय बालकुमार साहित्यातील संवाद आणि नव्या पुस्तकाचा शोध

बालसाहित्याचा इतिहास बहुधा ग्रंथसूचीच्या आधारे लिहिला जातो. कोणते पुस्तक कोणत्या वर्षी निघाले, त्याच्या किती आवृत्त्या झाल्या, कोणत्या पुस्तकाला पुरस्कार लाभला, या नोंदींतून त्याचा आलेख उभा राहतो. मात्र एक साधा प्रश्न या आलेखातून सुटतो: मुलाला नवे पुस्तक कळते कसे? प्रौढ वाचकाला परीक्षण, जाहिरात, ग्रंथालय, मित्रमंडळ अशा अनेक वाटा उपलब्ध असतात. मुलाच्या हाती स्वतःचे पैसे नसतात आणि निवडीचा अधिकारही अपुराच असतो. पुस्तक त्याच्यापर्यंत पालक, शिक्षक किंवा सरकारी यंत्रणा यांच्या मार्फत येते. या मध्यस्थांना वगळून लेखक आणि मूल समोरासमोर येण्याची जी थोडी स्थळे भारतीय भाषांत निर्माण झाली, त्यांचा विचार येथे केला आहे. हा संवाद पुस्तक सिद्ध होण्यापूर्वी घडतो, सिद्ध होत असताना घडतो की सिद्ध झाल्यानंतर घडतो, यावर मुलाचे स्थान ठरते, असे या विवेचनातून दिसून येईल.

पुस्तकापूर्वीचा संवाद: भावनगर आणि अमळनेर

गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगर येथे दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. पेशाने वकील असलेला हा गृहस्थ कथाकथनाकडे वळला तो शिक्षणाच्या गरजेतून. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या कथारूप ग्रंथातील शिक्षक गोंगाट करणाऱ्या वर्गापुढे पहिल्यांदा धडा ठेवत नाही, गोष्ट ठेवतो. आणि पाठ्यपुस्तकांवर जाणारा पैसा वर्गाच्या ग्रंथालयाकडे वळवतो. गोष्टीची चटक लागलेले मूल आपण होऊन पुस्तकाकडे जाते, हे त्यामागील गृहीत होय. ‘वार्तानुं शास्त्र’ या ग्रंथात गिजुभाईंनी गोष्टीची निवड आणि ती सांगण्याची रीत यांची मीमांसा केली. तिचा कणा मुलांचे निरीक्षण हा आहे. ऐकणाऱ्याचे लक्ष कोठे उडते, कोणता भाग तो पुन्हा मागतो, यावरून गोष्टीची योग्यता ठरते. अशा रीतीने समीक्षेचा एक अधिकार, शब्दांत न मांडलेला का होईना, मुलाकडे येतो.

हा विचार मराठीत आला तो केवळ अनुवादातून नव्हे. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक यांनी भावनगरात गिजुभाईंबरोबर काम केले. 1926 मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या आणि ‘शिक्षण पत्रिके’च्या कामात दोघे सहकारी होते. पुढे बोर्डी व कोसबाड येथील ताराबाईंच्या कार्याने ही दृष्टी महाराष्ट्रातील आदिवासी वस्त्यांपर्यंत पोहोचली. गुजराती आणि मराठी बालशिक्षणाचा हा अनुबंध तौलनिक अभ्यासात अधिक लक्ष देण्याजोगा आहे.

याच दशकात खानदेशात एक वेगळा प्रयोग चालू होता. साने गुरुजी 1924 मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. छात्रालयातील मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हस्तलिखित स्वरूपात काढीत. या दैनिकाचे वैशिष्ट्य असे, की त्याचा लेखक आणि त्याचे वाचक एकाच छपराखाली राहत होते. लिहिलेल्या मजकुरावर वाचकाची प्रतिक्रिया त्याच दिवशी, जेवणाच्या पंगतीतही मिळू शकत होती. 1930 मध्ये गुरुजींनी शाळा सोडून सत्याग्रहात उडी घेतली, तेव्हा या दैनंदिन संवादाला खंड पडला.

‘श्यामची आई’ हे पुस्तक या पार्श्वभूमीवर वाचले म्हणजे त्याच्या रूपबंधाचा उलगडा होतो. फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्याचा बराचसा भाग अवघ्या काही दिवसांत लिहिला गेला आणि 1935 मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यातील प्रकरणांना ‘रात्र’ असे म्हटले आहे. संध्याकाळची प्रार्थना आटोपते, आश्रमातील मित्र भोवती बसतात आणि श्याम आईची आठवण सांगू लागतो. छात्रालयात जी बैठक प्रत्यक्षात होती, ती तुरुंगात उरली नव्हती. लेखकाने ती कथेच्या चौकटीत पुन्हा मांडली. पुस्तक उघडणारे मूल त्या बैठकीत शेवटच्या रांगेत येऊन बसते. मराठी घरांत हे पुस्तक एकट्याने वाचण्यापेक्षा मोठ्याने वाचून दाखवण्याची जी प्रथा रुजली, तिचे बीज या रचनेतच आहे.

तथापि या संवादाची मर्यादाही स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. चौकटीतील श्रोते प्रश्न विचारतात, गहिवरतात, उद्याची गोष्ट मागतात. आक्षेप मात्र ते क्वचितच घेतात. सांगणारा आणि ऐकणारा यांचे नाते गुरुशिष्यांचे राहते. भावनगरच्या बालमंदिरात जांभई देणारे मूल गोष्ट बदलायला लावू शकत होते. ‘श्यामची आई’तील श्रोत्याला ती मुभा नाही, कारण तो स्वतःच लेखकाची निर्मिती आहे. संवादाचे रूप आणि प्रत्यक्ष संवाद यांतील हे अंतर बालसाहित्याच्या समीक्षेने दृष्टिआड करू नये.

पुस्तक घडतानाचा संवाद: ‘संदेश’

हे अंतर कमी करण्याचे साधन नियतकालिकाने पुरवले. अंकाला पुढचा अंक असतो, आणि पुढचा अंक असतो म्हणून उत्तराला जागा असते. मराठीत विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ 1881 पासून आणि वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ 1906 पासून ही परंपरा घडवीत होते. बंगालीत तिचे सर्वांत दीर्घ आणि अभ्यासाला अनुकूल उदाहरण ‘संदेश’ हे आहे. नावातच श्लेष आहे: बातमी आणि मिठाई. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी 1913 मध्ये कलकत्त्यात ते सुरू केले. छपाईच्या तंत्रात, विशेषतः हाफटोन चित्रांच्या छपाईत, त्यांचा हातखंडा असल्याने अंक देखणा निघे. 1915 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे पुत्र सुकुमार राय यांनी संपादन हाती घेतले आणि 1923 मधील आपल्या अकाली मृत्यूपर्यंत सांभाळले.

सुकुमारांच्या ‘आबोल ताबोल’ या संग्रहाचा इतिहास येथे विशेष बोलका आहे. हे पुस्तक त्यांच्या निधनानंतर काही दिवसांनी प्रसिद्ध झाले. ग्रंथसूचीच्या दृष्टीने 1923 चे ते नवे पुस्तक होय. परंतु ‘संदेश’च्या वर्गणीदार मुलांना त्यातील अनेक कविता आधीच ठाऊक होत्या, त्या महिन्यामागून महिना त्यांच्या घरी येऊन गेल्या होत्या. त्यांच्यासाठी हे पुस्तक म्हणजे ओळखीच्या माणसाची पुन्हा झालेली भेट होती. मुलांच्या वाचनव्यवहारात नव्या पुस्तकाचा शोध हा अनेकदा असा असतो: अपरिचिताची गाठ पडत नाही, डोळ्यांदेखत वाढलेले काही अखेर बांधणीत हाती येते.

वाचक मूल लेखक होण्याची वाटही याच अंकांतून गेली. लीला मजुमदार यांची पहिली कथा 1922 मध्ये, त्यांच्या किशोरवयात, ‘संदेश’मध्ये आली. 1961 मध्ये सत्यजित राय यांनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्यासह बंद पडलेल्या ‘संदेश’चे पुनरुज्जीवन केले आणि 1963 मध्ये लीला मजुमदार त्याच्या संपादनात सहभागी झाल्या. एका अंकाची किशोरी चार दशकांनंतर त्याच अंकाची संपादक झाली. आकाशवाणीवरही त्यांनी वाढत्या वयाच्या मुलीला आजीने लिहिलेल्या पत्रांच्या रूपात ‘मणिमाला’ ही मालिका सादर केली. पत्र हा संवादाचाच प्रकार, आणि तो मुलीला उद्देशून होता, ही बाब त्या काळाच्या संदर्भात महत्त्वाची ठरते. अर्थात लीला मजुमदार उपेंद्रकिशोरांच्या पुतणी होत्या. या संवादाचा पहिला परीघ एका सुशिक्षित, संपन्न कुटुंबाचा होता, हे विसरून चालणार नाही. पुनरुज्जीवित ‘संदेश’मधील ‘हात पाकाबार आसर’ हे सदर नवशिक्या लिहित्या मुलांसाठी असल्याने तो परीघ काही अंशी रुंदावला.

याच अंकांत फेलूदाचा जन्म झाला. डिसेंबर 1965 मध्ये पहिली कथा येऊ लागली, तेव्हा तिची मालिका होईल असे सत्यजित राय यांना वाटले नव्हते. वाचकांच्या मागणीमुळे दर वर्षी लिहिणे भाग पडले, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. किशोर वाचक समोर ठेवून रहस्यकथा लिहिताना विषयाच्या निवडीवर बंधने येतात, हेही त्यांनी सांगितले. 1970 पासून फेलूदाच्या कादंबऱ्या ‘देश’ या प्रौढांच्या साप्ताहिकाच्या पूजा-अंकांतही येऊ लागल्या. म्हणजे मुलांनी शोधलेला नायक त्यांच्या पालकांनी उसना घेतला. पुस्तक मोठ्यांकडून मुलांकडे जाते, या सर्वसाधारण समजुतीच्या नेमका उलट असा हा प्रवास आहे.

‘सोनार केल्ला’ या 1971 च्या कादंबरीत ‘जटायू’ या टोपणनावाने साहसकथा लिहिणारे लालमोहन गांगुली अवतरतात. त्यांच्या कादंबऱ्या तडाखेबंद खपतात. पण त्यांत तपशिलाच्या चुका असतात. फेलू त्या दाखवतो आणि लालमोहनबाबू पुढील आवृत्तीत त्या सुधारू पाहतात. वरवर हा विनोद आहे. वस्तुतः जागरूक वाचकापुढे लेखकाने निमूट हार मानण्याचे हे चित्र आहे आणि ते अशा लेखकाने काढले आहे, ज्याचे वाचक मुले होती. कथनाची धुराही किशोरवयीन तोपशेकडे आहे. ‘श्यामची आई’त मोठा सांगतो आणि लहान ऐकतात, येथे लहान सांगतो आणि लेखक नावाचे पात्र दुरुस्त होते. दोन्ही कृतींच्या थोरवीची तुलना येथे अभिप्रेत नाही. संवादाच्या दोन व्यवस्थांनी मुलाला दिलेल्या दोन जागा तेवढ्या लक्षात घ्यावयाच्या आहेत.

या व्यवस्थेची एक उणीव तिच्या आतूनच भरून निघाली, हेही उल्लेखनीय आहे. फेलूदाच्या जगात मुली जवळजवळ नाहीत. 1974 पासून ‘संदेश’च्या संपादनात असलेल्या नलिनी दास यांनी ‘गण्डालू’ या चार शाळकरी मुलींच्या शोधकथा त्याच नियतकालिकातून दिल्या. एका अंकाच्या परिघात एका कथेला दुसरी कथा उत्तर देते, ही सोय सुट्या पुस्तकाला नाही.

पुस्तकानंतरचा संवाद: मंडप आणि मंच

स्वातंत्र्योत्तर काळात पुस्तक मुलापर्यंत नेण्याचे काम संस्थांनी अंगावर घेतले. 1957 मध्ये शंकर यांचा चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट आणि नॅशनल बुक ट्रस्ट या दोन्ही संस्था दिल्लीत स्थापन झाल्या. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेने एकच पुस्तक अनेक भारतीय भाषांत, अल्प किमतीत आणले. महाराष्ट्रात पाठ्यपुस्तक मंडळाने 1971 मध्ये ‘किशोर’ मासिक सुरू केले. या प्रयत्नांचे मोल मोठे आहे. पुस्तकाच्या दुकानापासून दूर असलेल्या मुलाच्या हाती त्यामुळे पुस्तक पडले. परंतु बहुभाषिक मालेत एक पेच अंगभूत होता. तमिळ लेखकाची गोष्ट मराठी मुलापर्यंत पोहोचे. त्या मुलाचे उत्तर तमिळ लेखकापर्यंत कोणत्या भाषेत जाणार? पुस्तकाचा अनुवाद झाला, उलट टपालाचा झाला नाही.

एकविसाव्या शतकात लेखकभेटीला महोत्सवाचे रूप आले. 2008 मध्ये दिल्लीत ‘बुकारू’ हा केवळ बालकुमार साहित्याला वाहिलेला महोत्सव सुरू झाला. साहित्य अकादमीने 2010 पासून बालसाहित्य पुरस्कार देण्यास प्रारंभ केला. मराठीतील पहिला पुरस्कार अनिल अवचट यांच्या ‘सृष्टीत… गोष्टीत’ या पुस्तकाला मिळाला. लेखक मंचावर वाचून दाखवतो, चित्रकार मुलांसमोर रेषा काढतो, मूल हात वर करून प्रश्न विचारते. पालकाच्या निवडीवाचून एखादे अनोळखी पुस्तक मुलाला येथे भेटू शकते आणि ‘लेखक’ हा पाठ्यपुस्तकातील जन्ममृत्यूच्या सनांपुरता नसून आपल्यासारखाच चुकतमाकत लिहिणारा माणूस आहे, हे त्याला कळते. या लाभाला कमी लेखण्याचे कारण नाही.

मात्र येथे पुस्तक आधीच छापून, किंमत लावून, मंचाशेजारच्या मेजावर ठेवलेले असते. मुलाचा प्रश्न कितीही मार्मिक असला, तरी तो त्या पुस्तकाचे एक वाक्यही बदलू शकत नाही. शिवाय अशा मेळ्याला पोहोचणारे मूल बहुधा महानगरातील असते आणि इंग्रजीच्या वर्चस्वामुळे भारतीय भाषांतील लेखकाची पाळी मागे राहते. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलाला तर आपल्या भाषेचा लेखक भेटणे हा योगायोगच ठरतो. 2020 नंतरच्या महामारीत या भेटी पडद्यावर आल्या, तेव्हा अंतराची अडचण काहीशी दूर झाली. यंत्र कोणाच्या घरी आहे, हा प्रश्न तिच्या जागी आला.

पुस्तकापूर्वी घडलेला संवाद मुलाला निवडीचा अधिकार देतो, पुस्तक घडतानाचा संवाद त्याला सहभाग देतो, आणि पुस्तकानंतरचा संवाद परिचय देतो. परिचय आवश्यक खरा. पण केवळ त्यावर थांबणारी बालसाहित्यव्यवस्था मुलाला ग्राहक करून सोडते. भोपाळच्या ‘एकलव्य’ संस्थेने 1985 मध्ये सुरू केलेल्या ‘चकमक’ या हिंदी मासिकाने ‘मेरा पन्ना’ या सदरात मुलांच्या लेखनचित्रांना दिलेली हक्काची जागा पाहता, दुसऱ्या प्रकारचा संवाद अन्य भाषांतही रुजू शकतो हे स्पष्ट होते.

साने गुरुजींनी अखेरच्या वर्षांत आंतरभारतीचे स्वप्न मांडले. भारतीय भाषांनी एकमेकींचे साहित्य समजून घ्यावे, हा त्याचा गाभा. बालसाहित्यापुरते बोलावयाचे तर त्या स्वप्नाची कसोटी अनुवादित पुस्तकांच्या संख्येत सापडणार नाही. अमळनेरच्या मुलाने आपल्या मराठीत कलकत्त्याच्या लेखकाला एखादी चूक दाखवावी, कोणीतरी ती लेखकाच्या भाषेत पोहोचवावी, आणि पुढील आवृत्तीत ती दुरुस्त व्हावी, इतकी ती साधी आणि इतकी अवघड आहे.