साठ दिवसांची बाळंतीण

अमेरिकेत गरिबांसाठी जो सरकारी आरोग्य विमा आहे, त्याचे नाव मेडिकेड. देशातल्या दर दहा बाळंतपणांपैकी चारांचा खर्च हा विमा उचलतो. कृष्णवर्णीय कुटुंबांत तर दर तिनांपैकी जवळजवळ दोनांचा. त्यामुळे त्याच्या नियमांतली बारीकशी तरतूदही कृष्णवर्णीय घरांना सर्वांत आधी जाणवते. अशी एक तरतूद १९८० च्या दशकाच्या मध्यापासून २०२२ पर्यंत टिकून होती. गरोदरपणामुळे मिळालेला विमा बाळंतपणानंतर ६० दिवसच चालायचा. साठावा दिवस ज्या महिन्यात येई, त्या महिन्याअखेर तो बंद. १ मार्चला बाळंत झालेल्या बाईचा विमा ३० एप्रिलला संपे, ३ मार्चला बाळंत झालेल्या बाईचा ३१ मेपर्यंत चाले. दोन दिवसांच्या फरकाने एकीला महिनाभराचे औषधपाणी जास्त मिळे. ही मुदत बाईच्या प्रकृतीकडे पाहून ठरली होती, असे मला वाटत नाही. तिचे कूळ शोधत गेले की दोन घराणी सापडतात: आईचा विचार बाळापुरताच करण्याची सवय, आणि गरिबांपैकी कोणाला पात्र ठरवायचे हे राज्यांच्या मर्जीवर सोडण्याची रीत.

यांपैकी राज्यांच्या मर्जीची रीत जुनी. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन आणि बेकारभत्ता सुरू केला, पण शेतमजूर व घरकामगार त्यातून वगळले. दक्षिणेकडच्या बहुतेक कृष्णवर्णीयांचे पोट याच दोन कामांवर होते. त्याच कायद्यात निराधार मुलांसाठी मदत होती. मात्र ती किती द्यायची आणि कोणाला, हे राज्ये ठरवणार होती. ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेडच्या कायद्यावर सही केली, तेव्हा हा विमा मुख्यत्वे याच रोख मदतीला जोडला गेला. दक्षिणेतल्या राज्यांनी मदतीसाठीची उत्पन्नमर्यादा इतकी खाली ठेवली होती की दिवसभर राबणारी गरीब बाईही तिच्यात बसत नसे. पहिलटकरणीची कोंडी आणखी वेगळी. मदत मुलांसाठी, आणि मूल अजून जन्मायचे. म्हणून अनेक राज्यांत तिला विमा नाही. नवरा घरात असेल, तरीही बहुधा नाही.

ही कोंडी फुटली ती अर्भकमृत्यूंमुळे. कृष्णवर्णीय अर्भकांचा मृत्युदर तेव्हा गोऱ्या अर्भकांच्या सुमारे दुप्पट होता. १९८४ मध्ये साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर रिचर्ड रायली यांच्या नेतृत्वाखाली दक्षिणेतल्या राज्यांनी या प्रश्नावर कृतिदल नेमले. पुढच्याच वर्षी आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांच्या अहवालाने दाखवून दिले की कृष्णवर्णीयांचे वर्षाला सुमारे ६०,००० मृत्यू गोऱ्यांच्या तुलनेत जादा होत आहेत. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, प्रतिनिधी हेन्री वॅक्समन यांनी चिकाटीने जवळजवळ दर वर्षीच्या अर्थसंकल्पी कायद्यात एकेक कलम घालून घेतले. गरोदर बाईची पात्रता रोख मदतीपासून सुटली. १९९० पासून दारिद्र्यरेषेच्या १३३ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या गरोदर बायकांना विमा देणे राज्यांवर बंधनकारक झाले. हे फार मोठे काम होते. पण सरकारी तूट कमी करण्याच्या त्या दिवसांत मते मिळाली ती बाळाच्या नावावर. गरोदरपणी आईवर थोडा खर्च केला, तर कमी वजनाच्या अर्भकावरचा मोठा खर्च वाचतो, हा युक्तिवाद सर्वांना पटला. कायद्यावर त्याचा ठसा स्वच्छ दिसतो: बाळाला वर्षभर विमा, आईला ६० दिवस.

यावर कोणी म्हणेल, हा काळ वैद्यकानेच मानलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनाही मातामृत्यू मोजताना बाळंतपणानंतरचे ४२ दिवस धरते. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपतात. गर्भाशय पूर्ववत व्हायला इतके दिवस पुरतात, हे खरे. मरणाचा धोका मात्र तेवढ्यात टळत नाही. अमेरिकेतल्या ३६ राज्यांच्या आढावा समित्यांनी २०१७ ते २०१९ मधले असे मृत्यू एकेक करून तपासले. गरोदरपणाशी निगडित मृत्यूंपैकी ५३ टक्के बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यापासून वर्षापर्यंतच्या काळातले होते, सुमारे ३० टक्के सहा आठवडे उलटल्यानंतरचे, आणि ८० टक्क्यांहून अधिक टाळता येण्याजोगे. कृष्णवर्णीय बायकांत हृदयविकार हे सर्वांत मोठे कारण ठरले. बाळंतपणाशी जोडलेला हृदयस्नायूचा विकार पाच महिन्यांपर्यंत डोके वर काढू शकतो. पायांवर सूज, जिना चढताना दम, आडवे पडले की धाप. रात्र रात्र जागणारी आई हे सारे थकव्याच्या खाती टाकते. निदानासाठी हृदयाची सोनोग्राफी लागते, आणि ती कधी कधी नेमकी विमा संपल्यानंतर लागे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पदवीधर कृष्णवर्णीय बायकांतही अशा मृत्यूंचे प्रमाण पदवीधर गोऱ्या बायकांच्या पाचपट आढळले आहे. मग खोट विम्यात कुठे आहे? ती तर दवाखान्यात बाईचे म्हणणे कोण ऐकतो, यात आहे. हे निदान बरोबर आहे, पण त्यातून विमा गौण ठरत नाही. १९६६ मध्ये सरकारने मेडिकेअरच्या, म्हणजे वृद्धांच्या सरकारी विम्याच्या, पैशासाठी वर्णभेद बंद करण्याची अट घातली, तेव्हा काही महिन्यांत हजारभर रुग्णालयांनी काळ्या-गोऱ्यांचे वेगळे वॉर्ड मोडले. न्यायालये आणि आंदोलने जे वर्षानुवर्षे मागत होती, ते पैशाच्या अटीने घडवले. बाळंतपणांचा एवढा मोठा वाटा ज्याच्या तिजोरीतून जातो, तो विमा आजही चांगल्या वागणुकीची अट घालू शकतो. विमाच तुटलेल्या बाईसाठी अशी अट घालणार कोण?

२०२१ च्या कायद्याने राज्यांना ही मुदत १२ महिने करण्याची मुभा दिली. ती एप्रिल २०२२ पासून लागू झाली आणि पुढे कायम झाली. बहुतेक सर्व राज्यांनी ती घेतली, मिसिसिपीनेही २०२३ मध्ये. आईचा विचार बाळापुरताच करणारे घराणे त्यामुळे खचले. दुसरे मात्र शाबूत आहे, कारण ही अजूनही मुभाच आहे. टेक्सासमध्ये गरोदर बाईला दारिद्र्यरेषेच्या जवळजवळ दुप्पट उत्पन्नापर्यंत विमा मिळतो. वर्ष सरले की तीच बाई आई म्हणून पात्र ठरायला तिचे उत्पन्न त्या रेषेच्या एक पंचमांशाहूनही कमी असावे लागते. मेडिकेडचा विस्तार, म्हणजे सर्व गरीब प्रौढांना विमा देणे, नाकारणारी बहुतेक राज्ये दक्षिणेत आहेत, आणि देशातले निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय दक्षिणेतच राहतात. राज्यांची तिजोरी सोसणार नाही ही भीती १९८९ मध्येही होती, तरी काँग्रेसने १३३ टक्क्यांची सक्ती केली आणि राज्यांनी ती निभावली. १२ महिन्यांची सक्तीही तशीच व्हायला हवी. आईचा जीव वाचवण्याजोगा आहे हे एकदा मान्य केल्यावर, तो कोणत्या राज्यात वाचवायचा हा प्रश्नच उरू नये.