विद्युत्-रासायनिक शाणन : दोन रीतींच्या संयोगाचा इतिहास

जळगावच्या सराफपेठेमुळे सोन्याचा मुलामा चढविण्याची विद्युत्-रीत आपल्याकडे परिचयाची आहे. तीत दागिना ऋणाग्र असतो आणि द्रावणातील धातू त्यावर येऊन बसतो. हाच क्रम उलटून वस्तूस धनाग्र केले, तर तिचा धातू द्रावणात उतरू लागतो. कठीण धातूंना अचूक आकार देण्याचे एक आधुनिक तंत्र या उलट्या क्रमातूनच निघाले. या तंत्रास केवळ रसायन का पुरले नाही, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

मायकेल फॅराडे यांनी विद्युत्-विच्छेदनाचे नियम १८३३-३४ मध्ये मांडले. त्यांनुसार १,००० अँपिअर प्रवाहाने एका मिनिटात सुमारे २.२ घन सेंमी. लोखंड विरघळावे. या गणितात धातूच्या काठिण्यास कोठेच स्थान नाही, हे विशेष होय. या तत्त्वावर धातू कापण्याच्या पद्धतीसाठी रशियात गुसेव यांनी १९२९ मध्ये पेटंट मागितले. तथापि पुढील दोन दशके तिचा औद्योगिक प्रसार फारसा झाला नाही.

तिची निकड उत्पन्न केली ती नव्या पदार्थांनी. दिव्यांच्या तारा ओढण्याच्या हिऱ्याच्या डायना पर्याय शोधताना जर्मनीत कार्ल श्रोटर यांनी १९२३ च्या सुमारास कोबाल्टने बांधलेले टंगस्टन कार्बाइड सिद्ध केले. क्रुप कंपनीने ते ‘विडिया’, म्हणजे ‘हिऱ्यासारखे’, या नावाने बाजारात आणले. जळगाव जिल्ह्यात वरणगाव येथे १९६४ साली स्थापन झालेल्या कारखान्यात काडतुसे तयार होतात. पितळी वाटीपासून काडतुसाचे कवच टप्प्याटप्प्याने ओढण्याच्या कामी जगभर याच पदार्थाच्या डाय वापरल्या जातात. परंतु जो पदार्थ इतरांस आकार देतो, त्यास आकार द्यावयाचा तर हिऱ्याचे चाक लागे, आणि ते महाग असून झिजत असे.

नुसत्या विद्युत्-विच्छेदनाने हे काम का होत नव्हते? मिठाच्या उदासीन द्रावणात कोबाल्ट विरघळतो. टंगस्टन कार्बाइडचे मात्र ऑक्साइड होऊन त्याचा चिवट थर पृष्ठावर बसतो आणि प्रवाह अडतो. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत जॉर्ज कीलेरिक यांनी पुढे आणलेल्या विद्युत्-रासायनिक शाणनात यावर उपाय सापडला. धातूने बांधलेले हिऱ्याचे चाक येथे ऋणाग्र असते. चाकाबाहेर डोकावणारे हिऱ्याचे कण वीज वाहत नाहीत. त्यामुळे चाक व वस्तू यांत सूक्ष्म अंतर राहते, आणि तेच कण ऑक्साइडचा थर खरवडून काढतात. सुमारे नऊ-दशांश धातू प्रवाहाने जातो, उरलेला कणांनी. साहजिकच चाकाची झीज पुष्कळ घटते.

पुढील घटना उद्बोधक आहे. १९५५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने कृत्रिम हिरे तयार केल्याचे जाहीर केले. कालांतराने हिऱ्याची चाके सुलभ झाली आणि ज्या काटकसरीसाठी ही रीत रूढ झाली, तिचे महत्त्व उणावले. तरीही रीत टिकली. कारण तिच्यात दाब व उष्णता अल्प असल्याने पातळ नळी वाकत नाही, कडेस बर उरत नाही. इंजेक्शनच्या सुयांची टोके घासण्यास ती उपयोगी पडली, ती या गुणामुळेच.

मर्यादाही ध्यानात घ्यावयास हव्यात. विच्छेदन बाजूसही पसरते, म्हणून आतील कोपरे तीक्ष्ण येत नाहीत. अत्यंत अचूक माप हवे असल्यास अखेरचा फेरा प्रवाह बंद ठेवून केवळ चाकाने घेतात. यावरून असे दिसते की, रसायनाने धातू काढण्याचे श्रम हलके केले, परंतु मापाचा अखेरचा शब्द यंत्राकडेच राहिला. नव्या रीतीने जुनीस हटविले, असे वर्णन येथे यथार्थ ठरत नाही. प्रत्येकीने दुसरीचे न्यून भरून काढले.

धुळे व जळगाव येथील अभ्यासकांस आणखी एक बाब विचारार्ह आहे. विरघळलेला धातू नाहीसा होत नाही. तो द्रावणात गाळरूपाने साचतो, आणि क्रोमियमयुक्त मिश्रधातूंपासून षट्संयुजी क्रोमियम हे विषारी द्रव्यही उत्पन्न होऊ शकते. पाण्याची टंचाई सोसणाऱ्या खानदेशात हे द्रावण शुद्ध करून पुनःपुन्हा वापरण्याचा प्रश्न गौण मानता येणार नाही. यंत्रज्ञ व रसायनज्ञ यांनी एकत्र बसल्यावाचून ही रीत जन्मास आली नसती. तिचा गाळही त्या दोघांनीच मिळून निस्तरावयाचा आहे.