पेशींचे टपाल

‘ल्यूपस’ म्हणजे लॅटिन भाषेत लांडगा. चेहरा कुरतडणाऱ्या व्रणांना मध्ययुगीन युरोपात हे नाव पडले. हा विकार कातडीपुरताच नसून साऱ्या शरीराला ग्रासू शकतो, हे १८७२ मध्ये व्हिएन्नाच्या कापोसी यांनी दाखविले. शरीराची राखणदार फौजच घरच्यांवर उलटते, असा हा रोग. दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया, त्याही बहुधा ऐन उमेदीतल्या. मग ही फौज बिथरते तरी कशाने?

उत्तराचा एक धागा भलत्याच ठिकाणी सापडला. १९८३ मध्ये माँट्रिऑलला रोझ जॉन्स्टन मेंढीच्या अपक्व तांबड्या पेशी तपाशीत होत्या. त्या पेशी इवल्याशा पिशव्या बाहेर टाकताना दिसल्या. १९८७ मध्ये त्यांचे ‘एक्झोसोम’ असे बारसे झाले. पण पेशीने झाडून टाकलेला केर, एवढीच त्यांची किंमत बरीच वर्षे झाली.

दुसरा धागा १९९३ चा. अमेरिकेत अँब्रोस आणि रव्हकन यांना एका मिलिमीटरभर कृमीत अवघ्या २२ अक्षरांचा आरएनए गवसला. तो स्वतः प्रथिन घडवीत नाही. दुसऱ्या जनुकाचा हुकूम दाबून धरतो. हाच मायक्रोआरएनए. ‘कृमीची लहर’ म्हणून तोही बाजूला पडला. नोबेल मिळाले ते २०२४ मध्ये!

२००७ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमधील संशोधकांना त्या ‘केराच्या’ पिशव्यांतच मायक्रोआरएनए आढळले. म्हणजे तो केर नव्हता. एका पेशीचे दुसरीला गेलेले टपाल होते.

ल्यूपसमध्ये हेच टपाल घात करते, असे दिसते. रुग्णांच्या एक्झोसोममधील मायक्रोआरएनए टीएलआर-७ या पहारेकऱ्याला चिथावतात, असे इटलीतील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखविले. हा पहारेकरी एरवी विषाणूचा आरएनए ओळखतो. तो घरच्याच चिठ्ठीला शत्रू समजतो आणि इंटरफेरॉनचा भडका उडतो.

आता मूत्रपिंडाचे पाहा. तिथे रोग किती शिरला, हे जाणण्यासाठी आजही सुई खुपसून तुकडा काढावा लागतो. मूत्रपिंडास ल्यूपस झालेल्यांच्या लघवीतील एक्झोसोममध्ये मायक्रोआरएनए-१४६ए वाढलेला असतो, असे स्पेनमध्ये २०१५ साली आढळले. लघवीवरच निदान झाले, तर केवढी यातायात वाचेल! पण अभ्यासलेले रुग्ण थोडे, पिशव्या वेगळ्या काढण्याच्या रीतीही निरनिराळ्या. म्हणून सुई अजून सुटलेली नाही.

तेव्हा घाई नको. मात्र जे केर म्हणून टाकले होते, त्यातच ही आशा सापडली, हे विसरू नये.