श्वेत बटू : स्पंदने आणि परिवलन

इंधन संपून पृथ्वीएवढ्या आकारात आवळलेल्या ताऱ्याला श्वेत बटू म्हणतात. यांपैकी काहींचे तेज दर काही मिनिटांनी कमीजास्त होते. असा पहिला तारा, एचएल टॉरी ७६, आर्लो लँडोल्ट यांनी १९६८ मध्ये नोंदवला. त्याचे आवर्तन सुमारे साडेबारा मिनिटांचे आहे. हायड्रोजनचे वातावरण असलेले श्वेत बटू थंड होत ११-१२ हजार केल्व्हिनच्या आसपास आले, की स्पंदू लागतात (झेडझेड सेटी गट). हीलियमच्या वातावरणाचे श्वेत बटू याहून बऱ्याच वरच्या तापमानाला स्पंदतात. ते स्पंदणार हे गणिताने आधी सांगितले आणि मग १९८२ मध्ये जीडी ३५८ सापडला.

तारा फुगतो-आकसतो असा समज होणे साहजिक आहे, पण येथे त्रिज्या जवळपास बदलत नाही. द्रव्य मुख्यतः आडवे सरकते, गुरुत्व त्याला जागेवर आणते आणि पृष्ठभागावर उष्ण-थंड पट्टे उमटतात. तेज बदलते ते त्यांमुळे. अशी अनेक स्पंदने एकाच वेळी चालू असतात.

तारा स्वतःभोवती फिरत असेल, तर एका स्पंदनाची वारंवारता फुटून साध्या प्रकारात तीन, पुढच्या प्रकारात पाच रेषा दिसतात. या रेषांतले अंतर पहिल्यात परिवलन-वारंवारतेच्या सुमारे निम्मे, दुसऱ्यात पाच-षष्ठांश असते. पीजी ११५९-०३५ या ताऱ्यात ही अंतरे अनुक्रमे सुमारे ४.२ आणि ७ मायक्रोहर्ट्झ आहेत. दोन्हींवरून परिवलनकाल एकच येतो, १.३८ दिवस. दोन स्वतंत्र वाटांनी एकच उत्तर येणे हा या पद्धतीचा सर्वांत भक्कम पुरावा मानावा लागेल. मात्र एकाच वेधशाळेतून पाहिले, तर दिवसाच्या खंडामुळे ११.६ मायक्रोहर्ट्झवर फसव्या रेषा उमटून सगळा घोळ होतो. म्हणून १९८९ मध्ये वेगवेगळ्या रेखांशांवरच्या दुर्बिणी साखळीने जोडून हा तारा अहोरात्र पाहिला गेला. ‘होल अर्थ टेलिस्कोप’ या त्या जाळ्याच्या मोहिमांत तमिळनाडूतील कावलूरची वेधशाळाही होती.

पुढे केप्लर अवकाश दुर्बिणीने असे बरेच तारे अखंड न्याहाळले. बहुतेकांचा परिवलनकाल अर्धा ते सव्वादोन दिवस भरला. जड तारे तुलनेने वेगवान निघाले. गाभा आवळताना त्याने सगळा कोनीय संवेग राखला असता, तर ते कितीतरी वेगाने फिरले असते. म्हणजे राक्षसी अवस्थेतच गाभ्याचा संवेग बाहेरच्या थरांकडे जातो. तो चुंबकीय क्षेत्र नेते की अंतर्गत तरंग, याचा निकाल अजून लागलेला नाही.