दोन ‘जंगलं’ आणि एक नदी

‘जंगल’ हा शब्द आपल्याकडून इंग्रजीत गेला आणि अमेरिकेत त्याला एक वेगळाच अर्थ चिकटला. मालगाड्यांवर चोरून चढत, कामासाठी गावोगाव हिंडणाऱ्या मजुरांना तिथे ‘होबो’ म्हणत. रेल्वेमार्गाजवळ, शक्यतो पाण्याच्या काठी त्यांचे तळ पडत. त्या तळांना ते ‘जंगल’ म्हणत.

समाजशास्त्रज्ञ नेल्स अँडरसन यांनी १९२३ साली ‘द होबो’ या पुस्तकात या तळांचे अलिखित नियम नोंदवले. खरकटी भांडी तशीच टाकून जाणं, उरलेलं अन्न नासवणं, सामायिक भांडीकुंडी मोडणं हे तिथे गुन्हे होते. उद्या येणाऱ्यालाही त्याच भांड्यात रांधायचं असे.

आता नव्वद वर्षं पुढे येऊ. सिलिकॉन व्हॅलीतल्या सॅन होजे शहरात, कायोटी क्रीक या छोट्या नदीच्या काठी, तंबू आणि ताडपत्र्यांची एक वस्ती वाढली होती. शेकडो बेघर माणसं तिथे राहत. तिलाही लोक ‘द जंगल’च म्हणत.

इथला कचरा ही काही शेजाऱ्यांनी रचलेली कहाणी नव्हती. प्लास्टिक, गाद्या, दुकानांतल्या ढकलगाड्या, वापरलेल्या सुया, मैला असं सगळं काठावर साचत होतं. स्टीलहेड मासे याच नदीतून अंडी घालायला वर येतात आणि तिचं पाणी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात जातं. ४ डिसेंबर २०१४ रोजी शहराने वस्ती उठवली. काहींना घरं मिळाली. ज्यांना मिळाली नाहीत, त्यांतले बरेच जण त्याच नदीच्या काठाने थोडे पुढे सरकले. त्यांच्याबरोबर कचराही सरकला.

पुढच्याच वर्षी ‘बेकीपर’ या पर्यावरण संस्थेने शहरावर दावा लावला. त्यात मुद्दा होता पावसाळी गटारांचा. रस्त्यांवरची घाण त्यांतून थेट नद्यांत जात होती. म्हणजे नदी घाण करण्यात पक्क्या घरांत राहणाऱ्यांचाही हात होता. फरक एवढाच, की त्यांचा घरातला कचरा ठरलेल्या दिवशी गाडी येऊन उचलून नेते. तंबूपाशी गाडी थांबत नाही. तितकाच कचरा तिथे नुसता दिसत राहतो.

कोरोनाकाळात सॅन होजेने साधा उपाय केला. वस्तीतल्या लोकांना पिशव्या द्यायच्या, ठरलेल्या दिवशी भरलेल्या पिशव्या उचलायच्या आणि पिशवीमागे चार डॉलर त्यांच्या कार्डावर जमा करायचे. ‘कॅश फॉर ट्रॅश’ या योजनेत त्यांना घर मिळालं नाही. पण होबोंच्या तळावर जे होतं, ते थोडं परत आलं. जागा नीट ठेवण्यात राहणाऱ्याचाच फायदा होता, आणि ते काम त्याच्यावर सोपवलेलं होतं.

मात्र वारं पुन्हा उलट दिशेने वाहतंय. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने उघड्यावर झोपणाऱ्यांना दंड करण्याची मुभा शहरांना दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथल्या जल प्राधिकरणाने आपल्या ताब्यातल्या नदीकाठांवर मुक्काम करण्यास बंदी घातली. माशांसाठी ती गरजेची आहे, असं मानणारे प्रामाणिक लोकही तिथे आहेत. पण २०१४ मध्ये एकदा काठ रिकामा करून झाला होता. उठवलेला माणूस रात्री कुठे झोपणार आणि त्याची कचऱ्याची पिशवी कोण उचलणार, हे ठरवलं नाही, तर नदीच्या पुढच्या वळणावर तेच दिसेल.